टायमिंग घसरलं म्हणून मेहनत वाढवली: पोलीस भरतीच्या एका उमेदवाराचं प्रकरण

वय २२, उंची १५९ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. सातारा जिल्ह्यातलं गाव, बी.ए. पूर्ण, पोलीस भरतीची तयारी सुरू होऊन नऊ महिने झालेले. तक्रार एका ओळीत: "डाव्या पायाची नळी दुखती, धावताना जास्त." तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी करते म्हटल्यावर भरतीच्या हंगामात असे पाय माझ्याकडे येतच असतात. बहुतेकांचं आठवडाभर थांबणं, बूट बदलणं आणि पोटरीचे चार व्यायाम एवढ्यावर भागतं. हिचं भागण्यासारखं नव्हतं. पायाचं दुखणं हा तिच्या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग निघाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भरतीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: ८०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ आणि ४ किलोचा गोळा १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मारलं तर पैकीच्या पैकी, त्यापुढे दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांनी गुण उतरत जातात. मैदानीत किमान निम्मे गुण मिळवायचे, मग एका जागेमागे दहा जण या हिशेबाने १०० गुणांच्या लेखीला बोलावतात. त्यामुळे गावोगावच्या अकॅडम्यांत सकाळी कानावर पडणारा पहिला प्रश्न "टायमिंग किती बसलं?" हाच असतो.

तिने सोबत एक वही आणली होती. दोनशे पानी, कव्हरवर देवीचा फोटो, आत रोजचं ८०० मीटरचं टायमिंग. चांगलं बसलं की हिरव्या पेनाने, बिघडलं की लाल. पहिल्या पानावर ३:२२. पाचव्या महिन्यापर्यंत पानं हिरवी होत गेलेली, ३:१५, ३:०९, आणि एका दिवशी ३:०२, त्याभोवती चौकट. मग ३:०५, ३:०८. लाल पेन सुरू. सातव्या महिन्यात कडेला लिहिलेलं, "उद्यापासून संध्याकाळी पण ८००." त्यानंतरची पानं जवळपास सगळी लाल. शेवटची नोंद ३:१९, म्हणजे नऊ महिन्यांपूर्वी निघाली तिथून तीन सेकंद पुढे.

माझ्या मते निदान या वहीतच होतं, पुढच्या तपासण्यांनी त्यावर शिक्का मारला एवढंच. वेळ बिघडू लागली तेव्हा तिने, तिच्या सरांनी आणि घरच्यांनी एकच अर्थ काढला: मेहनत कमी पडते. मेहनत वाढवल्यावर वेळ आणखी बिघडली, तरी अर्थ तोच राहिला.

दिवस कसा जायचा

पहाटे चारला उठणं. कोरा चहा, दोन खारी. पाचला ग्राउंडवर. चार-पाच किलोमीटर डांबरी रस्त्याने, मग बेडूक उड्या, डक वॉक, बैठका, १०० मीटरचे दहा फेरे, आणि शेवटी घड्याळ लावून ८००. सात वाजता घरी. चहा. म्हशीची धार, शेण, झाडलोट, पाणी. दहाला एक भाकरी खाऊन एसटीने तालुक्याला अभ्यासिकेत. डब्यात दोन चपात्या आणि भाजी. पाचला परत ग्राउंड: गोळा, पुन्हा फेरे, पुन्हा ८००. रविवारी संध्याकाळची सुट्टी, पण सकाळी डोंगरावरच्या देवळापर्यंत बारा किलोमीटर. रात्री जेवण, भांडी, थोडा अभ्यास, अकराला अंथरुणावर.

रात्रीच्या जेवणातला भात तिने बंद केला होता. वजन दोन किलो उतरलं की टायमिंग दहा सेकंदांनी उतरतं, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. वर सोमवार आणि गुरुवार असे दोन उपवास. उपवासाच्या दिवशीही ग्राउंड चुकत नसे, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

नळीच्या पलीकडचं काही ती आपण होऊन सांगत नव्हती. खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. पाय सकाळी उठतानाच जड. दिवसभर दमलेली, पण रात्री डोळा लागत नाही, आणि तीनलाच जाग येते. दोन महिन्यांत तीनदा सर्दी-खोकला. अभ्यासिकेत एकच पान चारदा वाचावं लागतं. लहान भावावर विनाकारण ओरडते, मग रडू येतं. आणि पाळी? "चार महिने नाही आली. पण मॅडम, अकॅडमीत बऱ्याच पोरींची जाती. सर म्हणत्यात, बॉडी फिट झाली की असं होतं."

तिथे मी पेन खाली ठेवलं. पाळी बंद होणं हे फिटनेसचं लक्षण आहे हा समज मी एकाच अकॅडमीतून ऐकलेला नाही. कुठून निघाला देवास ठाऊक, पण त्याने मुलींचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं डांबरी रस्त्याने केलं नसेल.

तपासणी

डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, सात-आठ सेंटिमीटर पट्टा दाबल्यावर दुखत होता. एवढंच असतं तर त्याला नेहमीचं नळी भरणं म्हटलं असतं. पण पट्ट्याच्या मधोमध एका बोटाएवढ्या जागेवर हात लागला की ती पाय ओढून घेत होती, आणि त्या पायावर लंगडी घालताना दुसऱ्याच उडीला थांबली. पसरलेलं दुखणं आणि बोटाने दाखवता येणारं दुखणं यांत फरक करावा लागतो, कारण दुसऱ्यात हाडावर ताण आलेला असण्याची शंका येते. एक्स-रे स्वच्छ आला. अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छच येऊ शकतो, तेव्हा त्यावर निर्धास्त राहण्यात अर्थ नव्हता. एमआरआयचा खर्च ऐकून वडील गप्प झाले. नंतर म्हणाले, "करा, मॅडम. म्हशीचा हप्ता पुढं ढकलू." एमआरआयत हाडावरच्या आवरणाला आणि आतल्या मज्जेला सूज दिसली, चीर नव्हती. तडा जाण्याच्या आधीची पायरी.

बाकी लक्षणांसाठी तिला फिजिशियनकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थकवा, वजनात घट आणि वारंवार खोकला एवढं ऐकल्यावर आपल्याकडे आधी क्षयरोग नाही ना हे बघावं लागतं. तो नव्हता. थायरॉइड ठीक, साखर ठीक, प्रोलॅक्टिन ठीक, गर्भधारणा नाही. हिमोग्लोबिन १०.९, आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन फक्त ८. ड जीवनसत्त्व १४. उन्हात दिवस घालवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीचं ड जीवनसत्त्व कमी कसं, असं वडिलांनी विचारलं. तिचं ग्राउंड उजाडायच्या आत आणि कलत्या उन्हात, मधला दिवस अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटखाली, त्यात पूर्ण बाह्या आणि तोंडाला स्कार्फ. ऊन तिच्या अंगाला फारसं लागतच नव्हतं.

फिजिशियनने सकाळची नाडी मोजायला सांगितली, अंथरुणातून उठण्याआधी, आठवडाभर. ७६ ते ८० च्या दरम्यान. नऊ महिने रोज धावणाऱ्या मुलीची नाडी ६० च्या आसपास असायला हवी होती. अर्थात यातला काही वाटा रक्त कमी असण्याचाही होता.

याला काय म्हणायचं

"ओव्हरट्रेनिंग" हा शब्द हल्ली जिममध्येही सहज वापरतात, पण वैद्यकीय अर्थाने तो फार जपून वापरायचा असतो. युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी २०१३ साली मिळून जे निवेदन काढलं, त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिलीत खेळाडू मुद्दाम जास्त भार घेतो, काही दिवस कामगिरी खालावते, विश्रांती घेतली की आधीपेक्षा वर जाते. हे प्रशिक्षणातच बसतं. दुसरीत कामगिरी आठवडे, महिने सावरत नाही आणि झोप-मन-भूक बिघडते. तिसरी म्हणजे खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम, ज्यातून बाहेर यायला कित्येक महिने, कधी त्याहून जास्त लागतात. दुसरी आणि तिसरी यांतला फरक त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. किती वेळात सावरली यावरून तो मागाहून ठरतो. एखादी रक्ततपासणी करून "हेच ते" असं म्हणता येत नाही, आणि दुसरी कारणं वगळल्याशिवाय हे नाव द्यायचं नाही.

इथे दुसरं कारण ढळढळीत समोर होतं: पोटात पुरेसं जात नव्हतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस (खेळाडूंमधला ऊर्जेचा तुटवडा) हे नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्यावरचं निवेदन सुधारून काढलं. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराला स्वतःच्या कामासाठी किती उरतं, हा त्यातला मूळ हिशेब. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण ४५ कॅलरी उरल्या तर सगळं सुरळीत चालतं. ३० च्या खाली बराच काळ राहिलं की शरीर एकेक खातं बंद करू लागतं, आणि पाळी, हाडांची डागडुजी, प्रतिकारशक्ती ही त्यातली पहिली.

हिचा हिशेब ढोबळमानाने मांडला. चरबी सोडून वजन ३७ किलो. दिवसाचं खाणं १,५०० कॅलरींच्या आसपास, ग्राउंडचा खर्च ६००. उरल्या ९००, म्हणजे किलोमागे २४. यात धार, शेण, पाणी धरलेलं नाही. उपवासाच्या दिवसाचा आकडा मी काढलाच नाही.

तेव्हा आमचं निदान असं झालं: ऊर्जेचा दीर्घ तुटवडा, त्यातून पाळी थांबलेली, लोहाची कमतरता आणि ॲनिमिया, नडगीच्या हाडावर ताण, आणि या सगळ्यावर विश्रांतीविना मारलेलं ग्राउंड. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी आणण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या दिल्या नाहीत. आई त्यावर नाराज झाली होती. पण गोळ्यांनी रक्तस्राव येतो, तुटवडा तसाच राहतो आणि वर झाकला जातो.

भार मोजला तेव्हा

व्यायामाचा भार मोजायची कार्ल फॉस्टर या अमेरिकी अभ्यासकाची एक साधी रीत आहे. सत्र संपल्यावर ते किती कठीण गेलं याला ० ते १० पैकी आकडा द्यायचा आणि सत्राच्या मिनिटांनी गुणायचं. तिच्याकडून एक आठवडा तसा लिहून घेतला. रोज १,३०० ते १,४४०, रविवारी १,०००, आठवड्याचे ९,४२०. हा आकडा मोठा आहेच, पण मला जास्त खटकला तो त्याचा सपाटपणा. फॉस्टरच्या रीतीत रोजच्या सरासरीला दिवसादिवसांतल्या फरकाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागतात. उत्तर २ च्या वर गेलं की सावध व्हायचं. हिचं ८ च्या वर आलं.

म्हणजे सगळे दिवस सारखे. खरं जोरात धावावं असा एकही दिवस नाही, कारण आदल्या दिवशीचा थकवा अंगात आहे. आणि खरा हलका असा एकही नाही. रोजचं ८०० ती "फुल ताकदीने" मारत होती असं ती म्हणे, पण त्या पायांत फुल ताकद उरलेलीच नसे. मधल्याच कुठल्यातरी वेगात ती रोज स्वतःला पिळत होती.

हाडाचं तर वेळापत्रकच वेगळं. धावण्याचा ताण वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ती जागा नव्याने भरायला तीन महिन्यांच्या आसपास. मधल्या काळात ते आधीपेक्षा कमजोर असतं. रस्त्याचं डांबर उकरून ठेवलं आहे आणि नवं पडायच्या आत वाहतूक सोडली, तसं तिच्या नडगीचं झालं होतं. संध्याकाळचं ८०० सुरू केल्यावर सहा-सात आठवड्यांनी दुखणं उठलं, ते त्यामुळेच.

बैठक

तिला थांबवणं सोपं होतं, तिच्याभोवतीच्यांना समजावणं अवघड. म्हणून एका दुपारी आई-वडील, तिचे सर आणि ती अशा सगळ्यांना एकत्र बोलावलं.

सरांबद्दल आधी सांगायला हवं. लष्करातून निवृत्त, कळकळीचा माणूस. एका मैदानावर शंभरावर पोरं-पोरी, हातात एक शिट्टी आणि एक घड्याळ. सगळ्यांना एकच शेड्यूल, कारण वेगवेगळं द्यायला माणसंच नाहीत. त्यांच्या आरडाओरड्यामागे पोरांची काळजी होती हे मला दिसत होतं. ते म्हणाले, "मॅडम, एकीला सूट दिली की उद्या निम्म्या पोरी नळी धरून बसतील."

मी वही त्यांच्यासमोर ठेवली. बोटाने पानं उलटत ते ३:०२ च्या चौकटीपाशी थांबले. तिथून पुढची लाल पानं त्यांनी एकदा पाहिली, मग परत मागे गेले. "दोनदा ८०० मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "स्टॅमिना किती जाईल?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्त आहे. पूर्ण थांबल्यावर दहा-पंधरा दिवसांत दमश्वासाची क्षमता थोडीच उतरते. चार आठवड्यांनी जाणवण्याइतकी उतरते, पण सायकलसारख्या व्यायामाने त्यातली बरीच राखता येते. आणि ती रोज जे टायमिंग देत होती ते पाहता राखण्यासारखं फार काही हातात नव्हतंच.

वडील कुस्ती केलेले. कोल्हापूरला तालमीत दोन वर्षं राहिलेले. इतका वेळ ते ऐकत होते. मग लेकीकडे बघून म्हणाले, "आमाला वस्ताद दुपारी झोपायला लावायचा. मेहनत झाली की खुराक, खुराक झाला की झोप. जो झोपायचा न्हाई त्याला संध्याकाळी आखाड्यात उतरू द्यायचा न्हाई." यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. गंमत म्हणजे हा माणूस लेकीच्या बाबतीत नऊ महिने हे सगळं विसरला होता. पैलवान पोराला खुराक लागतो हे गावाला कळतं. भरतीच्या पोरीलाही तो लागतो हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरात दोन म्हशी. सगळं दूध डेअरीला, घरी राहायचं ते चहापुरतं. त्या बैठकीत पहिला ठराव झाला तो अर्धा लिटर दूध घरी ठेवायचा. दुसरा, सकाळची धार भावाने काढायची. भाऊ अठरा वर्षांचा, अंगाने धडधाकट, आणि त्याला धार येत होती. आतापर्यंत त्याला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

काय केलं

पहिले दहा दिवस काहीच नाही. चालणंही कामापुरतं. झोप मात्र आठ तास, त्यासाठी पहाटेचा गजर बंद. हे दहा दिवस तिला सगळ्यात जड गेले. "अंग खाज येतं बसून," म्हणायची. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र ती दुपारीही झोपू लागली. साचलेला थकवा बाहेर पडायला लागला की असं होतं, आणि घरच्यांना ते आळसासारखं दिसतं, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

खाण्यात भात परत आला. ग्राउंड असो-नसो, सकाळी उठल्यावर केळं किंवा गूळ-शेंगदाणे. न्याहारीला भाकरीबरोबर दोन अंडी, रात्री दूध, डब्यात उसळ. एकूण साडेसातशे कॅलरींची भर घालायची होती. प्रोटीनच्या डब्याबद्दल तिने विचारलं, मी नको म्हटलं. त्या पैशात महिनाभराची अंडी येतात. उपवासांवर थोडी घासाघीस झाली. शेवटी तिच्या आजीनेच तोडगा काढला: गुरुवार सोडायचा, सोमवारी उपवास धरायचा पण त्या दिवशी व्यायाम नाही, आणि रताळी, दूध, शेंगदाण्याची आमटी-वरी पोटभर.

लोहाची गोळी फिजिशियनने एक दिवसाआड दिली. रोज घेतली तर लोहाचं शोषण रोखणारं शरीरातलं हेप्सिडिन हे हार्मोन वाढून पुढच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. जोरदार व्यायामानंतरही काही तास तसंच होतं. गोळीबरोबर लिंबूपाणी, आणि आधी-नंतर तासभर चहा नाही. चहा सुटणं हे तिच्या मते भात परत सुरू करण्यापेक्षा मोठं संकट होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून काकांची जुनी सायकल, सपाट रस्ता, अर्धा तास, एक दिवसाआड. जोडीला गोळा. धावणं बंद असल्याने सरांना तिच्या गोळ्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष देता आलं. ती नुसत्या हाताने फेकत होती, पाय आणि कंबर मागेच राहत होती. हाडाला सोसेल तसं आधी बसून, मग उभ्याने, उडी न घेता. सुरुवातीला ४.४ मीटर जाणारा गोळा दीड-दोन महिन्यांत ५.२ वर गेला. धावण्याच्या १० सेकंदांसाठी जीव काढणारी पोरं गोळ्याचे १५ गुण सरावाअभावी मातीत घालतात, हे मी दर हंगामात बघते.

सहाव्या आठवड्यात दाबून दुखणं गेलं, लंगडी विनातक्रार जमली, पाऊण तास चालून पाय शांत राहिला. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, मातीवर, एक दिवसाआड. नाडी ६६ वर आली होती, वजन ४७.५.

आठव्या आठवड्यात गाडी घसरली. भरतीच्या तारखा जाहीर झाल्याचा मेसेज ग्रुपवर आला. खोटा होता, दोन दिवसांत कळलं. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि पहाटे कुणाला न सांगता एकटीच जाऊन तिने घड्याळ लावून ८०० मारलं. ३:११. लाल पेनाने वहीत लिहिलंही. तिसऱ्या दिवशी नळी पुन्हा दुखायला लागली. नशिबाने हाडापर्यंत गेलं नाही, पण दोन आठवडे मागे जावं लागलं. त्या वेळी ती जे बोलली ते माझ्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे: "बसून राहिले की वाटतं बाकीच्या सगळ्या पुढं चालल्यात." या भीतीवर माझ्याकडे व्यायाम नव्हता. सरांनी घड्याळ आपल्या खिशात ठेवलं आणि वही वडिलांनी कपाटात. तिला नवी वही दिली, त्यात रोज चार गोष्टी लिहायच्या: झोप किती, सकाळची नाडी, पाय जड की हलके, सत्र किती कठीण गेलं. टायमिंग लिहायचं नाही.

तिसऱ्या महिन्याअखेर आठवडा असा बसला. मंगळवारी जोराचं काम: २०० आणि ४०० मीटरचे तुकडे, मध्ये पुरेशी विश्रांती. शुक्रवारी १०० मीटरचे फेरे आणि पंधरवड्यातून एकदाच घड्याळ लावून ८००. बुधवारी आणि शनिवारी हलकं धावणं, इतकं हलकं की मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. गुरुवारी गोळा आणि ताकदीचे व्यायाम. रविवारी सायकल किंवा चालणं. सोमवारी सुट्टी. हलक्या दिवसांवर तिचा विश्वास बसायला वेळ लागला, "एवढ्यानं काय व्हायचंय" म्हणून. ८०० मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा श्वासाच्या जोरावर येते, आणि ती बाजू हलक्या धावण्यानेही बांधली जाते. शिवाय मंगळवारी खरोखर जोरात धावायचं तर सोमवारी पाय मोकळे लागतात. पहिल्या महिन्यातच ४०० मीटरचा तिचा तुकडा आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेत बसला, तेव्हा तिने वाद घालणं सोडलं.

भार पुन्हा मोजला: आठवड्याला साधारण ४,६००. आधीच्या निम्म्याहून कमी.

पाचव्या महिन्यात पाळी आली. हे तिने फोन करून सांगितलं, पाठोपाठ आईनेही.

मैदानीची तारीख लागली ती सहाव्या महिन्यात. शेवटचे दोन आठवडे धावण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं, वेग तसाच ठेवला. स्पर्धेआधी असं केल्याने कामगिरी दोन-तीन टक्क्यांनी सुधारते असं अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलेलं आहे, आणि तीन मिनिटांच्या शर्यतीत दोन टक्के म्हणजे साडेतीन सेकंद. त्या पंधरवड्यात सरांनी दोनदा फोन करून विचारलं, "नक्की ना, मॅडम?"

८०० मीटर २:५७. गोळा ५.६ मीटर. १०० मीटर जेमतेम, तिथे ती आजही कच्ची आहे. ग्राउंड निघालं, लेखीला बोलावणं आलं. लेखीत ती अंतिम यादीला तीन गुणांनी हुकली.

त्यानंतरच्या तपासणीत वजन ४९.५, हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३१. फिजिशियनच्या मते साठा अजून वाढायला हवा, गोळी आणखी तीन महिने चालू आहे. पाळी दोनदा आली, एकदा पंधरा दिवस उशिरा, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पुढची तारीख घेतलेली आहे. पुढच्या भरतीसाठी तिने अभ्यासाला दीड तास वाढवून मागितला. तो शनिवारच्या धावण्यातून काढला आहे. सरांनी अकॅडमीत सोमवारची सुट्टी मुलींसाठी सुरू केली. मुलग्यांचं अजून सातही दिवस चालतं, त्यावर आमचं बोलणं सुरू आहे.